कच्ची राहिलेली वडी

आमच्या वर्गात कॉम्प्युटर भाजतात. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग भट्टी दाखवली की गप्प होतो.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत पूर्वी खारी-टोस्टची बेकरी होती. मालकांची मुलं पुण्याला गेली, बेकरी बंद पडली आणि त्यांनी ती जागा माझ्या बायकोला, शैलाला, वर्गासाठी दिली. बायकांना फुकट कॉम्प्युटर शिकवायचा, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. मशीन कुठून आणायची ते विलास बघेल, असंही सांगितलं होतं. विलास म्हणजे मी, टीव्हीपासून मिक्सरपर्यंत जे येईल ते दुरुस्त करणारा. मला आधी विचारायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

मोठ्या शहरांतल्या कंपन्या दर तीन-चार वर्षांनी मशीन टाकून देतात. ती मी टेम्पोतून आणतो, झाडतो, जोडतो, चालती करतो. शिकणाऱ्या बाईला त्यातलं एक घरी न्यायला मिळतं. काम लागलं की तिने ते परत आणून द्यायचं आणि सोबत टोस्टचा पुडा आणायचा, पुढच्या बॅचच्या चहाला. बेकरीत बसून विकतचे टोस्ट खाणारे आम्हीच असू.

आता भाजण्याचं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये आठवण एकीकडे असायची आणि विचार दुसरीकडे. आठवण पुसली की मशीन कोरं व्हायचं. गेल्या काही वर्षांत जी चिप आली तिच्यात ही दोन्ही कामं एकाच जागी होतात. तिच्यात कोट्यवधी बारीक सांधे असतात. सांध्यातून वीज गेली की त्याचा रोध किंचित बदलतो, आणि जिथून पुन्हा पुन्हा जाते तिथली वाट सोपी होत जाते. शेतातून रोज माणसं गेली की पायवाट पडते, तसंच. त्यामुळे मशीन आपल्या माणसाला ओळखू लागतं. तो कुठे अडतो, कुठे चुकतो, त्याला मदत कधी हवी असते, हे त्याच्या अंगवळणी पडतं. मदत करणारा जो भाग असतो त्याला सगळे ‘सोबती’ म्हणतात.

पण मशीन पुसलं तरी फक्त कागदपत्रं जातात, पायवाट राहते. एखाद्या हिशेबनिसाचं मशीन नवशिक्या बाईला दिलं तर ते त्या हिशेबनिसाच्या वेगाने पळतं आणि बाई रडकुंडीला येते. उपाय एकच, उष्णता. तापलं की सांध्यातले अणू सैल होतात, मूळ जागी येतात आणि वाट बुजते. म्हणून मी मशीनमधून चिपची पट्टी काढतो. ती नारळाच्या वडीएवढी असते, म्हणून आमच्याकडे तिचं नावच वडी पडलंय. अशा वड्या ट्रेवर मांडायच्या आणि टोस्ट वाळवतात त्या आचेवर भाजायच्या. बेकरीचा जुना मिस्त्री भट्टी हाती देताना एवढंच म्हणाला होता, की दाराजवळच्या कोपऱ्याला वारं लागतं, तिथला माल कच्चा राहतो, तेव्हा अर्ध्यात ट्रे फिरवायचा. तो नियम आम्ही पाळत आलो.

शैलाचं स्वतःचं एक मशीन होतं. त्याच्यावर एकेका बाईला शेजारी बसवून ती शिकवायची. चूक झाली की सोबती लगेच टपकतो आणि बरोबर कळ दाखवतो. शैलाला ते अजिबात खपायचं नाही. पहिल्या चुकीला ती सोबत्याला गप्प करायची. दुसऱ्या चुकीलाही. तिसऱ्यांदा मात्र टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायची आणि बरोबर असलेली कळ दोनदा मंद उजळवायची. त्याहून जास्त काही नाही. वर्षानुवर्षं तिने हेच केलं.

माझा स्वभाव नेमका उलटा. कुणी चाचपडताना दिसलं की मला राहवत नाही, मी हात घालून कळ दाबून मोकळा होतो. मग शैला माझं मनगट धरायची आणि म्हणायची, “थांबा जरा.” लग्नापासून मी तिच्याकडून ऐकलेल्या वाक्यांत याचा नंबर बहुधा पहिला असेल.

मागच्या मार्गशीर्षात ती गेली. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडवी झाली आणि मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्या टेबलावरचं मशीन मी फडक्याने झाकून ठेवलं. चालू करायचं धैर्य नव्हतं, हलवायचंही नव्हतं. या चिपांचं आणखी एक असतं. नुसत्या पडून राहिल्या तरी त्यांच्यातली वाट हळूहळू बुजते. वापरली तरच टिकते. हे मला माहीत होतं, तरी मी फडकं काढत नव्हतो.

नव्या बॅचला एक मशीन कमी पडलं तेव्हा मीच ते फडकं काढलं. चांगलं मशीन रिकामं ठेवलं म्हणून शैलाने माझी खरडपट्टी काढली असती. वडी काढून इतर वड्यांबरोबर ट्रेवर ठेवली, भट्टीचं दार लावलं आणि मला तिथे उभं राहवेना. मी समोरच्या शिंप्याच्या पायरीवर जाऊन बसलो. तो पावसापाण्याचं काहीतरी बोलत होता, मी हो हो करत होतो. ट्रे फिरवायचा राहिला, हे वड्या बाहेर काढताना लक्षात आलं. एकदा राहिला तर काय होतंय, असं म्हणून मी मशीन जोडली आणि वाटून टाकली.

शैलाचं मशीन रंजना गोरुलेकडे गेलं. ही बाई आजऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीत राहते. तिने आयुष्य काजूच्या शेडमध्ये काढलं. काजूच्या टरफलाचं तेल फार वाईट, कातडी जाळतं. तिच्या बोटांची टोकं इतक्या वेळा सोलून निघाली होती की ती काळी आणि कडक झाली होती, त्यांना स्पर्शच कळत नव्हता. मग शेडमध्ये फोडायचं यंत्र आलं आणि बायका घरी बसल्या. आता तिथे कॅमेरे काजूगर निवडतात. कॅमेऱ्याला जिथे शंका येते तो फोटो घरी बसलेल्या बाईकडे जातो, आणि ती त्या गराची प्रत, म्हणजे दर्जा, लिहून कळवते. त्या कामाची परीक्षा चैत्रात होती. रंजनाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, मिळवणारी ती एकटी. ही परीक्षा गेली तर पुढे काय, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. “दाजी, माझं मशीन झोपाळू हाय.” वर्गातल्या जुन्या बायका शैलाला अक्का म्हणायच्या, त्यामुळे मी सगळ्यांचा दाजी. रंजनाने शैलाला कधी पाहिलं नव्हतं, पण ती ऐकून ऐकून तेच म्हणू लागली होती.

“झोपाळू म्हणजे?” मी विचारलं.

“चुकलं की बाकीच्यांचं लगीच सांगतंय. माझं नुस्तं बघत बसतंय माझ्याकडं.”

मी गाडी काढून गेलो. तिने चहा टाकला आणि मशीनपुढे बसून आपल्या वस्तीचं नाव लिहायला घेतलं. चुकली. मशीन गप्प. पुन्हा चुकली. गप्प. मी सवयीने कळ दाबायला हात पुढे केला, एवढ्यात ती तिसऱ्यांदा चुकली आणि बरोबर असलेली कळ दोनदा मंद उजळली.

माझा हात तसाच राहिला. “परत करा,” मी म्हणालो.

“काय, चूक?”

“हो. चूकच करा.”

तिने केली. खरं तर तिला वेगळी करावी लागली नाही. दोन वेळा शांतता, मग तो उजेड. मला न फिरवलेला ट्रे आठवला, दाराजवळचा कोपरा आठवला. वडी कच्ची राहिली होती. शैला माझ्यासमोर, एका परक्या घरात, एका परक्या बाईसाठी थांबली होती. मी खाली बसलो.

“वडीत दोष आहे,” मी सांगितलं. “मी हे घेऊन जातो. तुम्हाला वर्गातलं सगळ्यात नवं मशीन देतो.” ती खूश झाली. चहा न पिता मी मशीन छातीशी धरून बाहेर पडलो.

त्यानंतर वर्ग सुटला की मी दार लोटून त्या मशीनपुढे बसू लागलो. पहिल्या दिवशी एक अख्खा परिच्छेद लिहिला आणि काहीच झालं नाही. मी चुकतच नव्हतो. जन्मभर याच कळा दुरुस्त केल्या, चुकणार कसा? मग मुद्दाम चुकलो. एक, दोन, तीन. कळ दोनदा उजळली. मी टेबलावर डोकं टेकलं. पुन्हा चुकलो. असा मी दुपार-दुपार चुकत बसायचो. मध्ये जी दोन चुकांची शांतता असायची, ती मला हवी होती. त्या शांततेत ती शेजारी बसलेली असायची, पदर खोचून, काही न बोलता. मला ती फार हवी होती, एवढंच खरं.

मग एके दिवशी कळ दुसऱ्याच चुकीला उजळली. आणखी काही दिवसांनी पहिल्याच.

कारण कळायला मला वेळ लागला नाही. खरोखर चुकणारं बोट आधी घुटमळतं, कळांवर फिरतं, मग चुकीच्या जागी पडतं. माझं बोट सरळ जाऊन चुकीची कळ दाबायचं. चिपने हे हेरलं. या माणसाला सगळं येतंय, याच्यासाठी थांबायचं कशाला, असं तिने ठरवलं. शैलाची वाट मीच माझ्या खोट्या चुकांनी तुडवून मोडत होतो. वापरलं नाही तर ती आपोआप बुजणार होती, आणि मी वापरलं तर माझ्या हातून. हे कळूनही दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसलो.

त्याच दिवशी रंजना आली. बाजाराच्या पिशवीतून नवं मशीन काढून तिने टेबलावर ठेवलं. “ह्ये नको मला. ह्ये पळतंय.”

तिच्या बधिर बोटाने कळ एकदा दाबली तरी दोनदा दाबली जायची. त्यावरून मशीनला वाटायचं की बाई घाईत आहे, हुशार आहे, आणि ते पुढची पानं उघडत सुटायचं. मी तिला हे समजावून सांगितलं.

“त्ये खरं असंल,” ती म्हणाली, “पर परीक्षा तोंडावर आली. माझ्याच्यानं ह्याच्या मागनं पळवत न्हाई. काल वाटलं, सोडून द्यावं सगळं.” मग तिची नजर शैलाच्या मशीनकडे गेली. ते चालू होतं. “झालं नव्हं नीट?”

“अजून नाही.”

पण ती तोवर खुर्ची ओढून बसलीही होती. वस्तीचं नाव लिहायला घेतलं आणि चुकली. कळ लगेच उजळली. ती कपाळाला आठ्या घालून मशीनकडे बघत राहिली.

“ह्याला काय केलंसा, दाजी? ह्ये बी आता घाई कराय लागलं.”

चहा घेता का, असं मी विचारलं. ती मात्र उठली नाही. लिहीत राहिली, चाचपडत राहिली, आणि काही ओळींनंतर मशीन एका चुकीपुरतं गप्प बसलं. थोड्या वेळाने दोन चुकांपुरतं. तिच्या घुटमळणाऱ्या बोटांखाली शैला परत येत होती. मी इतक्या दिवसांत जे करू शकलो नव्हतो, ते ही बाई नकळत करत होती. मला आनंद झाला, आणि तिचा रागही आला.

मग मी तिला सगळं सांगितलं. हे मशीन कुणाचं, वडी कशी कच्ची राहिली, मी दोष कसा खोटा सांगितला. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने मशीनवरून पदर फिरवला, धूळ नसतानाही, आणि आपलं नवं मशीन पिशवीत भरलं.

“मग ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी,” ती म्हणाली. “घरचं माणूस हाय त्ये. मी बघीन कायतरी.” आणि ती गेली. मी तिला थांबवलंही नाही.

सकाळी मी मशीनला नवीन फडकं गुंडाळलं आणि गाडीला बांधून तिच्या वस्तीवर गेलो. ती अंगण झाडत होती.

“हे तुम्हीच वापरा,” मी म्हणालो. “त्याला खऱ्या चुका लागतात. माझ्या खोट्या निघतात.”

ती हसली. “चुका व्हय? त्या काय, पायलीनं हाईत माझ्याकडं.”

“एक अट आहे. दर सोमवारी मी इथे येऊन बसणार. बोलणार नाही, शिकवणार नाही.”

“बसा की. चा घ्याचा मातूर. मागल्या बारीला वतून टाकाय लागला मला.”

सोमवारी मी तिच्या ओट्यावरच्या स्टुलावर बसायचो. ती फोटो उघडायची, काजूची प्रत लिहायची, चुकायची. मशीन थांबायचं. तिचा नवरा आतल्या खाटेवरून विचारायचा, “आली का गं तुझी अक्का?” आणि ती म्हणायची, “आली, आली.” ते दोघं हे थट्टेत म्हणायचे, पण मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्या थोड्या वेळासाठी मी सबंध आठवडा ढकलायचो.

पण रंजना शिकत होती. चुका कमी होत गेल्या. एका पानात चार, मग दोन. स्टुलावर बसून मी मनात म्हणायचो, चूक गं बाई, एकदा तरी चूक. आणि लगेच स्वतःची लाज वाटायची, कारण तिच्या घरात चूल त्या परीक्षेवर पेटणार होती. परीक्षेआधीच्या सोमवारी तिने पानामागून पान लिहिलं आणि एकदाही अडखळली नाही. बोट दोनदा पडलं तरी मशीन ते आता एकच धरत होतं. कळ एकदाही उजळली नाही. संपल्यावर ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा फुलला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून तो उतरला.

“दाजी, मी एकदा चुकू का?” तिने हळूच विचारलं.

“नको,” मी म्हणालो. “तुम्ही चुकलात तर ती मला झोडपेल.”

रंजना पास झाली. काजूच्या कारखान्याने तिला त्यांचं मशीन दिलं आणि ती रिवाजाप्रमाणे आमचं परत घेऊन आली, टोस्टच्या पुड्यासकट. नवी बॅच यायची होती. मी वडी काढली. ट्रे तयार होता. रंजना भट्टीपाशी येऊन उभी राहिली.

“दाराजवळ ठेवा,” ती म्हणाली. “ट्रे फिरवू नका. कुणाला कळतंय?”

मी वडी हातात धरून बराच वेळ उभा होतो. तळहातावर तिचं वजन जाणवतही नव्हतं. तिच्यात आता शैलापेक्षा रंजना जास्त होती, तिचं कडक बोट, तिचे काजू, तिची घाई आणि तिची धास्ती. हे सगळं पुढच्या बाईच्या गळ्यात कशाला घालायचं? तिला तिचं कोरं मशीन मिळायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर कोपऱ्यात ठेवली असती, तर मी पुन्हा कुणाच्या तरी दारात स्टूल मागत गेलो असतो.

मी वडी ट्रेच्या मधोमध ठेवली. या वेळी पायरीवर गेलो नाही, भट्टीजवळच बसलो. अर्ध्यात रंजनाने न सांगता ट्रे फिरवला. भट्टी तापली की जुन्या भिंतींतून अजून टोस्टचा वास येतो. तो वास येत राहिला आणि आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. वडी थंड झाल्यावर मी मशीन जोडलं, एक ओळ लिहिली आणि चुकलो. कळ लगेच उजळली, चांगली लख्ख. मशीन कोरं झालं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही.

नवी बॅच सुरू झाली. रविवारी रंजना शिकवायला येऊ लागली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. ते मशीन सुगंधा नावाच्या बाईंना मिळालं होतं. वयाने मोठ्या, चष्मा नाकावर घसरलेला, कळांना हात लावायलाही भ्यायच्या. त्यांनी आपलं नाव लिहायला घेतलं. चुकल्या. सोबती टपकणार एवढ्यात शेजारी बसलेल्या रंजनाने त्याला गप्प केलं. पुन्हा चुकल्या. रंजना गप्प. सुगंधाबाईंचं बोट कळांवर भिरभिरत होतं आणि हवी ती कळ तर अगदी शेजारी होती. मला राहवेना. मी मागून हात पुढे केला.

रंजनाने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांची कडक टोकं मला टोचली.

“थांबा जरा, दाजी,” ती म्हणाली. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, सुगंधाबाईंच्या बोटाकडे होतं.

सुगंधाबाई तिसऱ्यांदा चुकल्या. रंजनाने टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. टेबलाचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं, मनगटाचंही नाही.

मी हात मागे घेतला आणि थांबलो.